खाडीचे मासे पुण्यातल्या टाकीत: कोणता मासा, किती मीठ, आणि बिघडतं कुठे

सिंहगडरोडकर | शुक्रवार, रात्री ९:१०

तीन फुटी टाकी रिकामी आहे. ९० × ३८ × ४५ सेंमी. वाळू-दगड धरून साधारण १२० लिटर पाणी बसतं. पाणी कॉर्पोरेशनचं. निमखाऱ्या पाण्यातले, म्हणजे खाडीतले मासे ठेवायचे आहेत.

दुकानात दाखवलेले मासे: हिरवट-पिवळा, काळ्या ठिपक्यांचा पफर, मोनो, स्कॅट, आर्चर, बम्बलबी गोबी, नारिंगी क्रोमाइड आणि काळ्या परांचा एक 'मिनी शार्क'. सगळे गोड्या पाण्यात होते. "चमचाभर मीठ टाका, बस" असं सांगितलं गेलं.

यातले खरे खाडीचे कोणते, १२० लिटरमध्ये काय बसेल आणि मीठ नक्की किती?

---

बाणकोट | शुक्रवार, रात्री १०:०२

बम्बलबी गोबीसकट सगळे खाडीचेच आहेत. पण खाडी म्हणजे एकच एक पाणी नव्हे, आणि सगळी गडबड तिथेच होते.

सावित्रीचं उदाहरण घ्या. बाणकोटला मुखाशी उन्हाळ्यात जवळजवळ समुद्राचंच पाणी, लिटरला ३०-३५ ग्रॅम क्षार. नदीने वर जाल तसा खारटपणा उतरत जातो आणि भरतीचं पाणी जिथवर पोचतं त्या टोकाला तो नावापुरता उरतो. जुलैत सह्याद्रीवरून लोंढा आला की तीच खाडी वरच्या थरात गोडी होते, मे महिन्यात सर्वात खारी. या चढउतारात टिकतात ते खाडीचे मासे. म्हणून लोकांचा समज होतो की यांना काहीही चालतं. तसं नाही. बदल सोसता येणं वेगळं आणि जन्मभर गोड्या पाण्यात राहणं वेगळं.

माशाचं शरीर हा हिशेब असा सांभाळतं: गोड्या पाण्यात पाणी त्वचेतून आणि कल्ल्यांतून आत घुसत राहतं, म्हणून मासा पातळ लघवी भरपूर करतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी बाहेरचे क्षार आत ओढतो. खाऱ्या पाण्यात सगळं उलट. पाणी अंगातून बाहेर जातं, मासा समुद्राचं पाणी पितो आणि त्याच पेशी जादा मीठ बाहेर फेकतात. पेशींचं काम असं उलटं फिरायला काही दिवस लागतात. म्हणून सावकाश बदल चालतो, झटक्यात केलेला चालत नाही.

आता तुमची यादी. खारटपणा विशिष्ट गुरुत्वात (गोड्या पाण्याच्या किती पट जड) देतो: १.००५ म्हणजे लिटरला साधारण ७ ग्रॅम, १.०१० म्हणजे १३-१४, १.०१५ म्हणजे २०, आणि समुद्र १.०२६ म्हणजे ३५.

बम्बलबी गोबी: १.००२ ते १.००५. वाढ ३-४ सेंमी. नारिंगी क्रोमाइड: तेच पाणी, १.०१० पर्यंतही खुशाल. ८ सेंमी.

हिरवा ठिपकेवाला पफर: लहानपणी १.००५, मोठा झाला की १.०१० आणि पुढे. १५ सेंमी. आर्चर: १.००५ ते १.०१०. दुकानात ५ सेंमीचा दिसतो, टाकीत २० च्या घरात जातो, आणि तो थव्यात बरा राहतो.

मोनो आणि स्कॅट: लहानपणी १.००५-१.०१०, मोठेपणी जवळजवळ समुद्राचं पाणी. मोनो २५ सेंमी, स्कॅट ३०. मोनोला किमान पाच जणांची सोबत लागते. पाचशे लिटरच्या खाली विचारच नको.

'मिनी शार्क' हा शार्क नाहीच, शिंगाळ्याच्या जातकुळीतला अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचा मासा आहे. ३५ सेंमीपर्यंत वाढतो आणि मोठेपणी त्याला समुद्राचं पाणी लागतं. गोड्या पाण्यात वर्षभर रडतखडत काढतो आणि मरतो.

---

मीटरवाला | शुक्रवार, रात्री १०:४०

बाणकोट यांना +१. एक जोड: दुकानात याच नावाच्या आसपास 'आयडी शार्क' मिळतो. तो पंगासियस, पूर्ण गोड्या पाण्यातला, मीटरभर वाढणारा. त्याला मीठ घालू नका, आणि मुळात घरी आणूच नका.

---

सिंहगडरोडकर | शुक्रवार, रात्री १०:५५

म्हणजे उरले बम्बलबी गोबी, नारिंगी क्रोमाइड आणि फार तर एक पफर?

---

बाणकोट | शुक्रवार, रात्री ११:०४

'आणि' नाही, 'किंवा'. पफर असेल तर तो एकटाच. बाकीच्यांचे पर कुरतडतो आणि गोबीला खाऊनच टाकतो.

---

मीटरवाला | शनिवार, सकाळी ८:२०

मिठाचं मी लिहितो, कारण दहातल्या नऊ टाक्या तिथेच बसतात.

मीठ कोणतं: समुद्री मत्स्यालयांसाठी मिळतं ते तयार मिश्रण. त्यात सोडियम क्लोराइडसोबत मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि कार्बोनेट असतात. खाण्याच्या मिठात फक्त सोडियम क्लोराइड. 'आयोडीन विषारी' म्हणून लोक ते टाळतात, ते कारण चुकीचं आहे. खरी अडचण अशी की त्यात कार्बोनेट नाही, त्यामुळे पीएच टिकत नाही.

किती: १.००५ साठी लिटरला ७ ग्रॅम, १२० लिटरला ८४०. मिश्रणात ओलावा असतो, म्हणून प्रत्यक्षात ९०० च्या आसपास जातं. वजनकाट्यावर मोजा, वाटीने नको. बादलीत पाणी घ्या, अँटी-क्लोरीन घाला, मग मीठ, आणि एअर पंपाचा दगड सोडून किमान काही तास ढवळत ठेवा. माशांच्या टाकीत कोरडं मीठ कधीच टाकायचं नाही. न विरघळलेला खडा तळाशी बसतो, तिथे खाऱ्या पाण्याचा दाट थर साचतो आणि तळाला राहणारी गोबी त्यात भाजते.

मोजायचं कशाने: रिफ्रॅक्टोमीटर. घेतल्यावर आधी आरओच्या पाण्याने शून्य जुळवा, आणि जमलं तर ३५ चं प्रमाणित द्रावण घेऊन तेही तपासा. काही स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर निव्वळ मिठाच्या पाण्यासाठी आखलेले असतात, समुद्राच्या पाण्याला ते थोडं चुकीचं दाखवतात. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटरही चालतो, पण काट्याला बुडबुडे चिकटले की काटा वर जातो आणि पाणी आहे त्यापेक्षा खारट दिसतं. भरल्यावर टिचकी मारून बुडबुडे घालवा, मग वाचा.

टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार दाखवणारं पेन) यात फारसं कामाचं नाही. आपल्याकडच्या बहुतेक पेनांची मजल लिटरला ९९९ किंवा ९९९९ मिलिग्रॅमवर संपते.

---

पेणचा | शनिवार, सकाळी ९:०५

मिठागराचं जाडं मीठ? तेही समुद्राचंच की. पोतं स्वस्त पडेल.

---

मीटरवाला | शनिवार, सकाळी ९:३१

समुद्राचं खरं, पण सगळा समुद्र त्यात नाही. मिठागरात पाणी आटत जातं तसं आधी कॅल्शियमचे क्षार, म्हणजे जिप्सम, वेगळे होतात. मग मीठ धरतं. मॅग्नेशियम उरलेल्या कडू पाण्यात राहतं आणि ते पाणी काढून टाकतात. हाती येतं ते मुख्यतः सोडियम क्लोराइड, वर थोडी माती.

अगदी वापरायचंच असेल तर मॉली माशांच्या टाकीला वापरा. सोबत तळाला प्रवाळाचा चुरा आणि खाण्याचा सोडा: ५० लिटरला ६ ग्रॅम सोडा घातला की केएच (पीएच टिकवून धरणारा कार्बोनेटचा साठा) ४ अंशांनी चढतो. धुण्याचा सोडा नव्हे. तो पीएच एकदम उडवतो.

---

कोथरूड_टाकी | शनिवार, सकाळी १०:१५

केएचचा विषय निघालाच आहे तर पुण्यापुरतं सांगतो. खडकवासला साखळीतलं पाणी बेसाल्टवरून येतं, मऊ असतं. नळाचं पाणी शहराबाहेरच्या बोअरच्या किंवा टँकरच्या पाण्यापेक्षा कितीतरी हलकं. टेट्रा माशांना हे पाणी बेस्ट, खाडीच्या माशांना नाही. त्यांना पीएच ७.८ ते ८.३ लागतो आणि मऊ पाण्यात तो टिकत नाही, कारण टाकीत तयार होणारी आम्लं केएच खाऊन टाकतात.

मॉलीचं उदाहरण पुण्यात घरोघरी दिसतं. आणलेली मॉली आठ-पंधरा दिवसांत जागच्या जागी लटपटायला लागते, पर मिटून घेते. लोक औषधं ओततात. तो बहुतेक वेळा आजार नसतोच, पाण्यात क्षार कमी पडलेले असतात. १.००३-१.००५ ला नेली की बरीचशी मॉली सावरते.

उलट, वाघोली किंवा हिंजवडीकडे टँकरचं पाणी असेल तर केएच आपोआप मिळतो, पण नायट्रेट आधी तपासा.

---

टेट्रोडॉन | शनिवार, दुपारी १:४०

पफरवाल्यांसाठी, कारण पुण्यात सर्वात जास्त चुकीचा विकला जाणारा खाडीचा मासा हाच.

एका पफरला १२० लिटर ठीक. दोन नकोत. त्याचे दात म्हणजे सतत वाढणारी चोच आहे. झिजवायला कवच लागतं. टाकीत वाढवलेल्या गोगलगायी, सालासकट कोळंबी, मासळी बाजारातल्या तिसऱ्या किंवा खुबे शिंपल्यासकट उघडून. नुसती सोललेली कोळंबी देत राहिलात तर दोन गोष्टी होतात. चोच वाढून तोंड मिटेनासं होतं. आणि कोळंबीत बी१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, त्यामुळे मासा खाऊन-पिऊनही खंगतो. म्हणून खाणं बदलतं ठेवा. रस्त्याकडेच्या, बागेतल्या गोगलगायी देऊ नका, त्यांनी कीटकनाशक खाल्लेलं असू शकतं.

घाण भरपूर करतो. टाकीच्या दुप्पट क्षमतेचा फिल्टर घ्या. दर आठवड्याला तीस टक्के पाणी बदला, नवीन पाण्याचा खारटपणा टाकीएवढाच ठेवून.

तांबं असलेलं कोणतंही औषध नको. याला खवले नाहीत, त्यामुळे औषधाचा डोस याला इतरांपेक्षा जड जातो. पांढरे ठिपके आलेच तर खारटपणा हेच औषध: गोड्या पाण्यातला पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी लिटरला ५ ग्रॅमच्या वर फार टिकत नाही, आणि समुद्रातला त्याचा भाऊबंद १५-१६ च्या खाली वाढत नाही. मधला पट्टा दोघांनाही गैरसोयीचा आहे. खाडीची टाकी नीट मोजून चालवली तर रोग कमी येतात, त्याचं हे एक कारण.

जाळीने पाण्याबाहेर काढू नका. तो हवा ओढून फुगतो आणि ती हवा त्याला बाहेर टाकता येत नाही. पाण्याखालीच भांड्यात घ्या. अंगात टेट्रोडोटॉक्सिन हे विष असतं. हाताळायला भ्यायचं कारण नाही, पण मेलेला पफर मांजराच्या तोंडी लागणार नाही एवढं बघा.

---

शनिवारवाडा_२ | शनिवार, दुपारी २:१२

माझ्याकडे पी पफर आहेत, वाटाण्याएवढे. त्यांनाही १.००५ करू का? आजच मीठ आणतो.

---

टेट्रोडॉन | शनिवार, दुपारी २:१८

थांबा! ते वेगळे. पी पफर केरळ-कर्नाटकातल्या पश्चिम घाटाच्या नद्यांमधला, पूर्ण गोड्या पाण्यातला मासा. जेमतेम तीन सेंमी. त्याला मीठ नको. दोघांमधला फरक पाठीवरून कळतो: पी पफर पिवळसर, मोठे अस्पष्ट डाग. हिरवा पफर चकचकीत हिरवा, गोल ठसठशीत ठिपके, पोट पांढरंशुभ्र. तिसरा पाठीवर आठाचा आकडा असलेला, ८ सेंमीचा, त्याला कायम १.००५ पुरे.

---

बाणकोट | शनिवार, दुपारी ३:००

तसंच काचमासा, म्हणजे ग्लासफिश. त्याला मीठ लागतंच असं जुन्या पुस्तकांत असायचं. भारतातला साधा काचमासा मुख्यतः गोड्या पाण्यात राहतो, मिठावाचून त्याचं अडत नाही. रंगीत पट्टे मारलेला काचमासा दिसला तर तो सुईने रंग टोचलेला असतो. घेऊ नका.

---

निवटीवाली | शनिवार, सायं. ६:४५

अजून निवटी या माशाचा विषय कसा नाही निघाला? दर पावसाळ्यानंतर कोणी ना कोणी विचारतंच, "रेवदंड्याहून दोन निवट्या आणल्यात, कशा ठेवू?"

ठेवू नका. कारण सांगते.

आपल्या खाड्यांत चिखलावर उड्या मारताना दिसते ती मोठी, ठिपकेवाली निवटी चिखलावरची पातळ शेवाळी साय खाते. त्या सायीत डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळं असतात. ओल्या चिखलावर तोंड टेकवून डोकं डावी-उजवीकडे फिरवत ती साय खरवडते, हे ओहोटीला पाच मिनिटं उभं राहिलात तर दिसेल. ती साय उन्हाने आणि भरती-ओहोटीने रोज नव्याने धरते. काचेच्या टाकीत ती तयार होत नाही. गोळ्या, किडे, कोळंबी यांना ही निवटी तोंड लावत नाही. हळूहळू पाठीचा कणा वर येतो आणि उपासमारीने मरते. टाकीत टिकतात त्या दुसऱ्या गटातल्या, किडे खाणाऱ्या, लहान आणि वटारलेल्या डोळ्यांच्या. दुकानात येतात त्या बहुधा याच.

त्या ठेवायच्या असतील तर टाकीचा दोनतृतीयांश भाग जमीन, एकतृतीयांश पाणी. वाळूचा उतार, पाणी सर्वात खोल बाजूला १०-१५ सेंमी, खारटपणा १.००५-१.०१५. झाकण घट्ट, कारण ही ओल्या कातडीतूनही श्वास घेते आणि पुण्याच्या मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत तासाभरात सुकते. पाण्याइतकीच हवाही उबदार हवी, २५ ते ३० अंश. थंड हवेत ती पाण्याबाहेर यायचंच सोडते. नर एकच. दोन नर एकमेकांना फाडतात.

आणि ठाणे खाडीतून कोणी 'नमुना' म्हणून काही आणायला जाऊ नका. तिथला मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ पासून रामसर क्षेत्र, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. कांदळाच्या शेंगा शोभेला उचलून आणणंही नको, कांदळवनं कायद्याने संरक्षित आहेत.

---

कोथरूड_टाकी | शनिवार, सायं. ७:१०

निवटीवाली यांचा प्रतिसाद वर चिकटवून ठेवा कोणीतरी.

---

देवगड_ते_डेक्कन | शनिवार, रात्री ९:२५

नारिंगी क्रोमाइडबद्दल दोन शब्द, कारण १२० लिटरला याच्याइतकं योग्य दुसरं काही नाही, आणि मासा आपल्या देशातला आहे. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्या-खाजणांतला. मोठा भाऊ म्हणजे काळुंदर, जिला केरळात करिमीन म्हणतात आणि २०१० मध्ये राज्यमासा केलं. काळुंदर सिंधुदुर्गाच्या खाड्यांत मिळते, ताटात सुरेख लागते, टाकीत मात्र २० सेंमीच्या पुढे जाते आणि झाडं मुळासकट खाते.

नारिंगी मात्र आटोपशीर. सहा लहान घ्या, जोडी आपली आपण जुळते. जोडी जुळली की सपाट दगडावर किंवा कुंडीच्या खापरीवर अंडी घालतात, दोघंही राखण करतात. पिल्लं पोहू लागली की आईबापांच्या अंगावरचा श्लेष्म टोचून खातात. पहिले काही दिवस म्हणून पिल्लांना आईबापांपासून वेगळं करू नका. बरेच लोक 'वाचवायला' म्हणून काढतात आणि पिल्लं मरतात. आठवड्यानंतर नुकते फुटलेले आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले इवलेसे झिंग्यांसारखे जीव) द्या.

खाडीत हा काळुंदरीच्या अंगावरचे परजीवी टिपतो. आणि संधी मिळाली की तिची अंडीही. दोन्ही नोंदलेलं आहे.

गोड्या पाण्यात जगतो, पण मऊ पाण्यात अंगावर बुरशी धरते. १.००३-१.००५ ठेवा. तापमान २६.

---

सिंहगडरोडकर | शनिवार, रात्री १०:३०

हे पटलं. नारिंगी क्रोमाइड सहा. फिल्टर चालू करताना खारं पाणी आधीपासून ठेवू की मासे आल्यावर वाढवू?

---

मीटरवाला | रविवार, सकाळी ८:५०

टाकी नवी आणि रिकामी असेल तर पहिल्या दिवसापासून १.००५ करा आणि त्याच पाण्यात फिल्टर पिकवा, म्हणजे अमोनिया संपवणारे जिवाणू त्यात वाढू द्या. गोड्यात पिकवून मग मीठ चढवलं तर जिवाणूंना दुसऱ्यांदा जुळवून घ्यावं लागतं.

मासे आधीच गोड्या पाण्यात असतील तेव्हा आठवड्याला ०.००२ पेक्षा जास्त चढवायचं नाही. मासा एक वेळ सोसेल, फिल्टरमधले जिवाणू सोसत नाहीत. ते मंदावले की अमोनिया साचतो, आणि खाऱ्या टाकीचा पीएच जास्त असल्याने तोच अमोनिया जास्त मारतो. २५ अंशांना पीएच ७ असताना मोजलेल्या अमोनियातला अर्धा टक्का विषारी रूपात असतो, ८.२ ला आठ टक्के. "गोड्या टाकीत ०.५ आला तरी काही झालं नव्हतं" हा हिशेब इथे चालत नाही.

तुमच्या १२० लिटरचा हिशेब, दर आठवड्याला ३० लिटर काढून ३० लिटर नवं घालायचं असं धरून (कोरड्या क्षाराचं वजन, ओलाव्यापोटी थोडं जास्त घ्या):

पहिला आठवडा: नव्या ३० लिटरमध्ये ३२० ग्रॅम.
दुसरा: ४०० ग्रॅम. जास्त का, तर काढलेल्या पाण्याबरोबर ८० गेले.
तिसरा: ३६० ग्रॅम. इथे लिटरला ७ ग्रॅम होतात.
त्यापुढे दर बदलाला २१० ग्रॅम, बस.

नवं पाणी तासाभरात बारीक नळीने सोडा. बादली उपडी करू नका.

आटलेलं पाणी भरताना नेहमी गोडं, अँटी-क्लोरीन घातलेलं. मीठ उडून जात नाही, पाणी उडतं. एप्रिलात पंखा लावलेल्या उघड्या टाकीतून दिवसाला दीड-दोन लिटर सहज जातं. ते खाऱ्या पाण्याने भरत राहिलात तर महिन्याभरात १.००५ चं १.००७-१.००८ होतं आणि मासे का सुस्तावले ते कळत नाही. काचेवर पाण्याच्या पातळीला मार्करने रेघ मारा, रोज तेवढं भरा.

---

कोथरूड_टाकी | रविवार, सकाळी ९:४०

वरच्याला जोडून, पुण्याच्या हवेचं. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा दहाच्या आसपास येतो, उघड्या बाल्कनीतल्या टाकीचं पाणी अठराला सहज उतरतं. हीटर लिटरला एक वॉट: १२० लिटरला १०० किंवा १५० वॉट. उन्हाळ्यात उलट. हवा कोरडी असल्याने साध्या पंख्याने पाणी दोन-तीन अंश उतरतं, मुंबईत दमटपणामुळे एवढा फरक पडत नाही. खारं आणि गरम पाणी ऑक्सिजन कमी धरतं, म्हणून वीज गेल्यावर गोड्या टाकीपेक्षा ही टाकी लवकर गुदमरते. एअर पंप इन्व्हर्टरवर घ्या, फिल्टर नंतर.

लोखंडी स्टँड नको. मीठ काचेच्या कडेने चढतं, वायरवरून प्लगपर्यंत जातं. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे थेंब झोळातून गळेल, प्लगमध्ये जाणार नाही. काढलेलं पाणी कुंड्यांना घालू नका, तुळस पहिल्यांदा जाईल.

झाडं हवीच असतील तर १.००५ पर्यंत जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिसनेरिया तग धरतात. त्याच्या वर नाद सोडा.

---

इंदापूर_शेततळं | रविवार, दुपारी १२:२०

थोडं विषयांतर, पण खाडीचाच मासा. शेततळ्यात जिताडा सोडायचा विचार आहे. पाणी पूर्ण गोडं. वाढेल का?

---

बाणकोट | रविवार, दुपारी १:०५

विषयांतर नाही. जिताडा हे खाडीच्या माशाचं नमुनेदार उदाहरण. वाढतो नदी-खाडीत, पण अंडी घालायला मुखाशी, खाऱ्या पाण्यात उतरतो. जन्मतो नर आणि काही वर्षांनी त्यातले बरेच मादी होतात. म्हणून मोठे नग सगळे काढले की माद्याच काढल्या जातात.

रायगडात, पेण-अलिबागकडे खारजमिनीतल्या तळ्यांत तो पूर्वापार वाढवतात. गोड्या शेततळ्यात वाढेल, अंडी देणार नाही. बीज दरवेळी उबवणी केंद्रातूनच घ्यावं लागेल. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे पाणी मत्स्यसंवर्धन संस्थेने १९९७ मध्ये त्याचं बंदिस्त प्रजनन जमवलं, बीज मिळायला लागलं ते त्यानंतर.

तुमच्याकडे अडचणी दोन. एक, भाऊ भावाला गिळतो. दीडपट मोठा नग लहानाला खातो, म्हणून बोटभर लांबीचे होईपर्यंत दर आठवड्याला चाळणीने आकारवार वेगळे करावे लागतात. आणि बीज खाद्याच्या गोळ्यांवर लावलेलं आहे का ते आधी विचारा, नाहीतर जिवंत मासाच शोधत राहतो. दोन, थंडी. पाणी वीसच्या खाली गेलं की खाणं जवळजवळ सोडतो. इंदापूरच्या हिवाळ्यात उथळ तळ्यात ते होणार. तळं निदान दोन मीटर खोल हवं.

---

इंदापूर_शेततळं | रविवार, दुपारी १:३०

तळ्यात चिलापी आधीच भरपूर आहेत.

---

बाणकोट | रविवार, दुपारी १:३८

मग जिताड्याची पोळी पिकली. तो चिलापीची पिल्लं खाईल. पण चिलापीची वाढ थोपवायला तो पुरेल या भरवशावर राहू नका, मोठ्या झालेल्या चिलापी त्याच्या तोंडात मावत नाहीत.

गंमत म्हणजे उजनीतली ती मोझांबिक चिलापी, १९५२ मध्ये भारतात आणलेली, स्वतःच खाऱ्या पाण्यात राहू शकते. खाडीत सोडली तर तिथेही घर करते. म्हणून कोणत्याही टाकीतला, तळ्यातला मासा नदीत किंवा खाडीत सोडायचा नाही.

---

पेणचा | रविवार, दुपारी २:१५

गणेश पेठेत जिताडा आला की विचारून बघा, शेततळ्याचा की खाडीचा. भावातच कळतं. बोय, तांबोशी यांचंही तेच.

---

निवटीवाली | रविवार, दुपारी ३:३०

तांबोशीचं कोणी टाकीत ठेवायचं म्हणाल म्हणून आधीच सांगते: पिल्लं कांदळवनात असतात, खाडीचा मासाच वाटतो, पण मोठी झाली की खोल समुद्रातल्या खडकांवर जाते. बोयही नको, झाकणाला एवढी फट राहिली तरी उडी मारते.

---

सिंहगडरोडकर | रविवार, रात्री ८:४५

सर्वांचे आभार. ठरलं ते असं: प्रवाळाचा चुरा ४ सेंमी, १.००५, स्पंज फिल्टर दोन, १५० वॉट हीटर, नारिंगी क्रोमाइड सहा. तळाला बम्बलबी गोबी आठ चालतील ना?

---

देवगड_ते_डेक्कन | रविवार, रात्री ९:०२

जोडी जुळेपर्यंत चालतील. अंडी घातली की क्रोमाइड गोबींना कोपऱ्यात दाबून ठेवतील, आणि गोबी सावकाश खाणारी असल्याने तिच्या वाट्याला काही उरत नाही. गोबीला तरंगतं खाद्य कळत नाही, तिला आर्टेमिया किंवा बारीक केलेले जिवंत किडे तळाशी, ड्रॉपरने द्यावे लागतात. दोन फुटी वेगळी टाकी असेल तर गोबी तिकडे ठेवा.

---

मीटरवाला | रविवार, रात्री ९:१५

आणि स्पंज फिल्टर धुताना नळाखाली धरू नका. काढलेल्या खाऱ्या पाण्याच्या बादलीत पिळा, एका वेळी एकच. रिफ्रॅक्टोमीटरची काच वापरल्यावर आरओच्या पाण्याने पुसा, नाहीतर मीठ वाळून पुढचं वाचन वर दाखवेल.